जास्तीचा अर्धा मीटर

“गिऱ्हाईक काय तुझ्या खिशात राहतं का रे? तिला पाहिजे ते आपल्याकडं नाही, तर जाऊ दे की तिला!”

“काकू, दोन दिवस शिडीवर चढून मापं घेतलीत मी! चव्वेचाळीस खिडक्या! आणि तुम्ही तिला तोंडावर सांगता, आमचे पडदे घेऊ नका?”

“मग काय खोटं सांगू? सगळी पश्चिमेची काच. संध्याकाळी ऊन थेट कॉम्प्युटरवर येणार. पडदा ओढला की अंधार, सरकवला की डोळे दिपणार. आणि ऑफिसातले पडदे धुणार कोण, तू? तिथं वर गुंडाळायचे रोलर ब्लाइंडच पाहिजेत. ते आपण करत नाही. नरेशजी करतात.”

“नरेश? तो तर—”

“नरेशजी म्हण. मोठे आहेत तुझ्यापेक्षा. आणि तुझी ती मापाची वहीपण त्यांना देऊन ये. त्यांनी परत कशाला शिडी चढायची?”

मी वही काउंटरवर आपटली. टाचण्यांची डबी उडाली आणि टाचण्या फरशीभर झाल्या. हे सगळं हिमानीताईसमोर चाललं होतं. ती मोहालीच्या एका आयटी कंपनीत आहे, मूळची नाशिकची. कंपनीच्या नवीन ऑफिसचं सामान बघायचं काम तिच्या गळ्यात पडलेलं. मार्केटात ती फोनवर मराठी बोलताना मी ऐकलं आणि मीच तिला गाठलं होतं. आता ती खाली बसून टाचण्या गोळा करायला लागली.

“अरे यार, माझ्यावरून नका ना भांडू. मी तर ऑर्डर द्यायलाच आले होते.”

“तेच तर!” मी म्हणालो.

काकूंनी नरेशजींचा नंबर चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात ठेवला. वर म्हणाल्या, “त्यांना सांग, गॅरंटी लिहून द्या. देतात, पण मागावी लागते.”

सुलोचनाकाकूंचं बूथ, म्हणजे छोटासा गाळा, चंदीगडच्या सेक्टर ४७ च्या मार्केटात आहे. एक शटर, दोन मशिनी, भिंतीभर कापडाचे ताके. काकू कराडच्या. काका फौजेत सुभेदार होते, रिटायर झाल्यावर इथंच राहिले, आता नाहीत. माझे बाबा एअर फोर्समध्ये सार्जंट. आम्ही इथं येऊन तीन वर्षं झाली, आणि ही माझी पाचवी शाळा होती. होती म्हणजे, अकरावीत फिजिक्सच्या सरांशी माझं वाजलं आणि मी दप्तर बेंचवर सोडून आलो, ते परत गेलो नाही. आई रडली. बाबा आठ दिवस बोलले नाहीत. मग मी काकूंकडं जायला लागलो आणि कधी नव्हे ते सकाळी हाक न मारता उठायला लागलो.

तेवढ्यात बाबांची पोस्टिंग आली. तांबरम, चेन्नईजवळ. मी म्हणालो, मी येत नाही, मी काकूंकडं राहतो. काकू हो म्हणाल्या होत्या, वरची खोली रिकामीच होती. पण बाबा म्हणाले, “तीन आठवडे आहेत. तुझ्या स्वतःच्या हिमतीवर एक मोठं गिऱ्हाईक आणून दाखव. मग बोलू. नाहीतर सामानाबरोबर तूही ट्रकात. तिकडं परत अकरावी.”

मोहालीच्या चव्वेचाळीस खिडक्या म्हणजे ते गिऱ्हाईक होतं. आणि काकूंना हे माहीत होतं. माहीत असून त्यांनी तसं केलं, म्हणून माझं डोकं फिरलं.

खरं तर माझा राग त्या एका दिवसाचा नव्हताच. काकू पडदे शिवतात तेच मला पटत नव्हतं. सगळे जण पडद्याच्या तळाला चार बोटं दुमडतात आणि टाका मारून मोकळे होतात. काकू मागच्या बाजूनं एकाखाली एक अशा पाच दुमडी घालतात. समोरून दिसत नाहीत. एक दुमड उलगडली की पडदा चार इंच वाढतो. पाच दुमडी म्हणजे एका पडद्यामागं अर्धा मीटर कापड जास्तीचं, आणि ते फुकट. बरं, त्या दुमडी नेहमीच्या मशिनीवर शिवत नाहीत. कोपऱ्यात एक जुनी मशीन आहे, तिच्यावर शिवतात. सिमेंटच्या गोणीचं तोंड शिवलेलं असतं ना, टोक ओढलं की सर्र करून उसवतं, तसली शिवण. आणि कुठलं टोक ओढायचं ते कळावं म्हणून तिथं लाल दोरा लोंबता सोडतात.

“हे कशाला?” मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

“फौजी क्वार्टरच्या खिडक्या प्रत्येक स्टेशनला, प्रत्येक पोस्टिंगला वेगळ्या. गेल्या गेल्या पडदे आखूड पडतात. नवीन जागा, ओळखीचं कुणी नाही, शिंपी कुठं बसतो ते माहीत नाही, आणि खिडकीखालून सगळा रस्ता आत बघतोय. मी काढलेत तसले दिवस.”

“पण काकू, ह्या फौजींच्या बायका दोन-तीन वर्षांत जातात. परत कधी येत नाहीत. जे गिऱ्हाईक परत येणार त्याला काहीतरी द्यावं, हे मी समजू शकतो. जे जाणारच आहे त्याला कशाला?”

“जाणार आहे म्हणूनच तर देते,” काकू म्हणाल्या आणि कात्री मागितली.

मला वाटलं, बाई चांगली आहे पण धंद्यातलं हिला कळत नाही.

तर मी वही घेऊन नरेशजींकडं गेलो. त्यांचं दुकान सेक्टर २२ ला. काचेचं दार, एसी, आत गेलं की गार वाऱ्याबरोबर नव्या कापडाचा वास. नरेशजी पिंजौरचे, रोज तिथून येऊन-जाऊन करतात. मी तयारीत होतो, हसले तर ऐकवायचं. पण ते हसले नाहीत. चष्मा लावून एक-एक पान उलटत बसले.

“ये माप तूने लिए?”

“हां जी.”

“हर खिड़की की चौड़ाई तीन जगह से?”

“दीवार सीधी थोड़ी होती है.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, “आंटी ने बदले में क्या बोला?”

“कुछ नहीं.”

“हूं.” आणि वही ड्रॉवरमध्ये टाकली. पाणीसुद्धा विचारलं नाही.

परत येऊन मी काकूंना सांगितलं, “थँक्यूपण म्हणाले नाहीत.”

“मग तू काय थँक्यू आणायला गेला होतास?”

चार दिवसांनी नरेशजींचा फोन आला. मला वाटलं, आता तरी काहीतरी. “वो इकतीस नंबर वाली खिड़की, आधा इंच ग़लत है तेरा,” म्हणाले आणि ठेवून दिला. काकू इतक्या हसल्या की मशीन थांबवावी लागली.

आठ दिवस उरले होते. घरात पेट्या निघाल्या होत्या, आई भांड्यांना कागद गुंडाळत होती, आणि माझ्याकडं एकसुद्धा मोठं गिऱ्हाईक नव्हतं. तेव्हा ऑफिसर्स क्वार्टरमधून निरोप आला. नवीन फॅमिली आलीय, पडदे बघायचेत. काकूंच्या हातात काम होतं. म्हणाल्या, “तू जा. टेप ने.”

मधुरिमा मॅडम म्हणजे एका स्क्वाड्रन लीडरच्या मिसेस. अर्धं सामान अजून खोक्यांत होतं आणि त्या खोक्यावर बसूनच चहा पीत होत्या. मी मराठी आहे कळल्यावर त्यांनी लगेच दुसरा कप भरला.

“हे जुने आहेत ते आधी लावून बघ,” त्या म्हणाल्या. “नाही जमले तर सगळेच नवीन करून टाकू. नऊ खिडक्या आणि बाल्कनीचे दोन दरवाजे. होईल ना?”

होईल ना! मी मनातल्या मनात बाबांसमोर जाऊन उभासुद्धा राहिलो. नऊ खिडक्या, दोन दरवाजे, अख्खं घर. ह्याहून मोठं गिऱ्हाईक काय असतं?

मी जुना पडदा रॉडवर चढवला. फिका निळा, जवळजवळ पांढराच, मध्येमध्ये आडवे पट्टे. चांगला चार बोटं आखूड. “नाही जमत, मॅडम,” मी खुशीत म्हणालो आणि काढायला म्हणून पडदा उलटा केला.

मागं लाल दोरा लोंबत होता.

मी शिडीवर तसाच थांबलो. हात लावून बघितलं. दोन दुमडी शिल्लक. तीच गोणीची शिवण, तीच टोकाची गाठ, काकू अंगठ्यावर दोरा दोनदा फिरवून मारतात ती. मी रोज बघतो, मला चुकणार नाही. मी वरच्या दुमडीचा दोरा ओढला. सर्र.

आतून जे कापड बाहेर आलं ते इतकं गर्द निळं होतं की मला आधी वाटलं, कुणीतरी दुसरंच कापड जोडलंय. नव्हतं जोडलेलं. एकच कापड होतं. बाकी सगळं उन्हानं खाल्लं होतं आणि एवढीच पट्टी इतकी वर्षं आत अंधारात राहिली होती. काल ताक्यावरून कापून आणल्यासारखी. तिला कधी ऊन लागलंच नव्हतं.

“अगं बाई,” मधुरिमा मॅडम मागून म्हणाल्या. त्यांनी कप खाली ठेवला. “हा रंग होता होय ह्याचा?”

मी पडदा काढून जमिनीवर पसरला. आम्ही दोघंही गुडघ्यावर बसलो. आता मला नीट दिसलं. वरचा सगळा भाग पांढुरका. त्याच्याखाली चार इंचांचा पट्टा, जरा कमी उडालेला. त्याच्याखालचा त्याहून निळा. मग आणखी निळा. आणि सगळ्यात खाली हा आत्ताचा, गर्द. मॅडमनी पहिल्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

“हा जोधपूरला सोडला. बघ, तिकडचं ऊन.” बोट खाली सरकलं. “हा पुण्यात. हा जोरहाटला, तिथं पाऊसच पाऊस, म्हणून जास्त उडाला नाही.” मग बोट गर्द पट्टीवर येऊन थांबलं. “आणि हा इथला.”

“तुम्ही आधी पण चंदीगडला होतात?” मी विचारलं. मला वाटलं, म्हणजे काकूंचं गिऱ्हाईक परत आलं की.

“छे, मी पहिल्यांदाच येतेय. हे पडदे माझे नव्हतेच. जोधपूरला शेजारच्या मॅडमची पोस्टिंग आली. माझं लग्न होऊन महिना झाला होता. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवून राहत होते मी. त्या जाताना सगळे पडदे माझ्या दारात ठेवून गेल्या. म्हणाल्या, आखूड पडले तर लाल दोरा ओढ, बाकी काही करायचं नाही. कुठून घेतले, कुणी शिवले, काही बोलल्या नाहीत. आता तर त्यांचा नंबरपण नाही माझ्याकडं.” त्यांनी कापडावरून हात फिरवला. “पुण्यात मी स्वतः पहिला दोरा ओढला ना, तेव्हा एकटी होते. हे ड्यूटीवर, मूल तापानं फणफणलेलं, आणि समोरच्या बिल्डिंगमधून सगळं दिसतंय. एक दोरा ओढला आणि खिडकी बंद झाली. मी खरंच मोठ्यानं थँक्यू म्हणाले होते. कुणाला, ते माहीत नव्हतं.”

माझ्या डोक्यात भलतंच चालू झालं होतं. काकू एकोणीस वर्षं शिवतायत. किती पडदे झाले असतील? त्यातले किती ह्या क्षणी कुठंकुठं लटकत असतील? लेहला असतील, जैसलमेरला असतील, पोर्ट ब्लेअरला असतील. प्रत्येकाच्या मागं थोडं कापड घडी घालून बसलंय, कुणाला तरी लागेल म्हणून. ज्यांच्याकडं ते आहे त्यांना काकूंचं नावही माहीत नाही. आणि मी रोज त्या मशिनीशेजारी उभा राहून मनात म्हणत होतो की बाईला धंदा कळत नाही.

“मग काय करू?” मॅडमनी विचारलं. “पाच रंगांचा झालाय अगदी. नवीन करू का सगळे? तू सांग. तुझं काम आहे, तुला जास्त कळतं.”

टेप माझ्या हातातच होता. खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं. ‘पट्टे दिसतात मॅडम’ एवढं म्हणालो असतो की झालं असतं. पट्टे दिसतच होते. ट्रक डोळ्यासमोर आला. तांबरमची शाळा आली, म्हणजे माझी सहावी शाळा. कुणीतरी परत उभं करून विचारणार, नाव काय, आधी कुठं होतास.

“नका घेऊ,” मी म्हणालो. “कापड भक्कम आहे. ह्याच्यानंतरही एक दुमड शिल्लक राहते. अजून एक स्टेशन आरामात निघेल. मी सगळे उलगडून, इस्त्री करून लावून देतो.”

दुपारभर मी तेच केलं. अकरा पडदे, अकरा लाल दोरे. प्रत्येक वेळी सर्र करून तो निळा बाहेर यायचा आणि प्रत्येक वेळी मी इस्त्री बाजूला ठेवून आधी तो बघून घ्यायचो. मॅडम पाकीट घेऊन आल्या तेव्हा मी म्हणालो, “उलगडायचे आम्ही घेत नाही.” आम्ही म्हणालो मी. काकूंनी असा काही नियम सांगितला नव्हता. पण मला खात्री होती.

बूथवर पोचलो तर काकू पिकोचं काम संपवत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, धापा टाकत. जोधपूर, पुणे, जोरहाट. वर्तमानपत्रं. थँक्यू. मला वाटलं, त्या रडतील किंवा काहीतरी होईल.

“निळा होय?” काकूंनी जरा विचार केला. “निळे कितीतरी शिवले. कोण बरं ती? नाही आठवत.”

“आठवत नाही?”

“आता सगळ्यांची नावं कुठं लक्षात ठेवू?” मग एकदम डोकं वर केलं. “दोरा तुटला नाही ना रे मध्येच? सर्र निघाला?”

“सर्र निघाला.”

“हां. मग झालं,” काकू म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर जी खुशी होती ना, ती मी मोहालीची ऑर्डर आणली तेव्हासुद्धा बघितली नव्हती. मी तिथंच स्टुलावर बसलो. एवढं दिलं, आणि कुणाला दिलं तेच आठवत नाही! मी कुणाला अर्धा समोसा दिला तर चार वर्षं लक्षात ठेवतो.

शनिवारी सकाळी शटर उघडायला गेलो तर दारात पाच बायका उभ्या. अकरा वाजेपर्यंत नऊ झाल्या. मधुरिमा मॅडमनी लेडीज ग्रुपवर टाकलं होतं म्हणे, की ४७ च्या मार्केटात एक मुलगा आहे, नवीन घेऊ नका म्हणून सांगतो. सगळ्या आपापले जुने पडदे पिशव्यांत कोंबून आल्या होत्या. “भैया, पहले मेरे देख ले.” “बेटा, ये चल जाएँगे ना?” एकीच्या पडद्यांना खाली पट्टी जोडली की काम होणार होतं, तसं सांगितलं. एकीचं कापड बोटानं फाटत होतं, तिला म्हणालो हे गेलं. एक सरदारनी आजी तर म्हणाल्या, “पुत्तर, सच्ची दस,” म्हणजे खरं सांग, आणि पलंगपोस पुढं केला. मी पलंगपोसही बघितला. काकू आत मशिनीवर, मी बाहेर फरशीवर पडदे पसरून. जेवलो नाही.

दुपारी कधीतरी मान वर केली तर समोर बाबा. युनिफॉर्ममध्ये, हातात टोपी.

“मोठी ऑर्डर कुठली?” त्यांनी विचारलं.

“मोठी नाही,” मी म्हणालो. “दोघींनी एकेका बेडरूमचे सांगितलेत. बाकी सगळं जुनंच बघून देतोय. मोहालीची गेली. क्वार्टरमधली पण होती एक, तिला मीच नको म्हणालो.”

“नको म्हणालास?”

“तिला गरज नव्हती, बाबा.”

मी तयार होतो. आता ओरडतील, मग मी ओरडेन, मग ठरल्यासारखं सगळं होईल. बाबांनी टोपी काउंटरवर ठेवली.

“मी तासभर समोर चहावाल्याकडं बसलोय,” ते म्हणाले. “ती जाडीशी बाई तुला तीन वेळा तेच तेच विचारत होती. मला वाटलं, आता हा भडकणार. तू तिन्ही वेळा सांगितलंस.” त्यांनी काउंटरवरची टोपी सरळ केली. “घरी पाणी दे म्हटलं तरी दार आपटतोस तू.”

मी हातातला दोरा गुंडाळत राहिलो.

आतून काकू म्हणाल्या, “वामनराव, मी काही शब्द देत नाही हं. पोरगा तापट आहे. टाचण्या सांडतो.”

“ते मला माहीत आहे,” बाबा म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, “मार्चपर्यंत राहा. त्याच्यापुढं मार्चमध्ये बोलू. आईला मात्र तू सांगायचंस. मी नाही सांगणार.”

ते खाली बसले, पिशवीतला एक पडदा ओढून मांडीवर घेतला आणि विचारलं, “ह्यात काय बघायचं असतं?”

आईला त्याच रात्री जेवताना सांगितलं. ती काय म्हणाली ते मी लिहिणार होतो, पण आज ट्रक सकाळीच आलाय, अर्धं सामान चढलंय, आणि बाबा एकटेच फ्रिजला हात घालतायत, त्यांची कंबर धड नाही तरी. खालून हाका चालल्यात. मला आता सामान चढवायला गेलंच पाहिजे.